दोन डोह, दहा चाळण्या

रविवार, ५ ऑक्टोबर

चि. ठकूस,
मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. फोनवर मला धड ऐकू येत नाही म्हणून आकडे पत्रानेच कळव, आणि ती पत्रं मी फायलीत लावणार, असं तू लिहिलंयस. माझ्या हातचा कागद फायलीत लागल्याला साठ वर्षं झाली. तो चौथीच्या गणिताचा पेपर होता. त्यावर मास्तरांनी लाल शाईने एवढं मोठं शून्य काढलं होतं की वडिलांना ते अंगणातून दिसलं. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेऐवजी शेतात. आता माझ्याच धाकट्या बहिणीची मुलगी बेडकांचा अभ्यास करते आणि मोजायला मला सांगते. तुमच्याकडे माणसांची फारच टंचाई असणार.

सांगितल्याप्रमाणे केलं. शेताच्या वरच्या अंगाचा डोह एक नंबर, खालच्या अंगाचा दोन नंबर. नदी वाहायची थांबलीय, दोन डोहांच्या मध्ये नुसते दगड. दोन्हीकडे दहा-दहा वेळा बुडवून बेडकाची पिल्लं मोजली आणि परत सोडली. तू पाठवतेस म्हणालीस ती जाळी अजून आलेली नाही, म्हणून मामीची पिठाची चाळणी घेतली. मामीला बोलू नकोस.

काही शंका आहेत. चाळणीत पिल्लाला खरचटलं तर? मोजलेलंच पुन्हा चाळणीत आलं तर? सगळी सारखीच दिसतात, आणि विचारलं तर सांगत नाहीत. आणि मी पाय घसरून डोहात पडलो तर त्या रविवारचा आकडा कुठला धरायचा?

एक नंबर: एक्केचाळीस. दोन नंबर: सत्तेचाळीस. दोन नंबरातली नऊ जरा लांबट, चपळ आणि रागीट चेहऱ्याची होती. तीही धरली.

तुझ्या कागदाच्या पाठीमागेही काही लिहिलंय म्हणे. मी पुढची बाजूच तीनदा वाचली आणि ती अमलात आणताना दम लागला. मागची सवडीने वाचतो.

तुझा मामा

११ ऑक्टोबर

प्रिय मामा,

ती नऊ रागीट पिल्लं म्हणजे मासे. वजा केले. दोन नंबर अडतीस.

जाळी आता पाठवत नाही. चाळणीने सुरुवात केलीस तर शेवटपर्यंत तीच वापर, मध्येच साधन बदललं की आकड्यांची तुलना होत नाही. मामीला मात्र तूच सांग, माझी हिंमत नाही. आणि डोहात पडलास तर आधी बाहेर ये, आकड्याचं मग बघू.

तू विचारलं नाहीस, पण हे कशासाठी ते सांगते. बारमाही नदीत मोठे मासे पिल्लं खाऊन टाकतात, म्हणून हे बेडूक आटणारी नदीच निवडतात. तिथे मासे कमी, पण वेळही कमी. पाणी संपायच्या आत पाय फुटून, शेपूट गळून पिल्लाला बाहेर पडावं लागतं. नाही जमलं तर चिखलातच वाळायचं. शेतीमुळे ही वेळ किती कमी होते ते मला पाहायचंय. अशा बारा नद्या, प्रत्येकीवर एक डोह शेताच्या वर, एक खाली, आणि तुझ्यासारखा एक माणूस.

म्हणून हे मोकळेपणाने लिही: तुझं इंजिन कुठल्या डोहातून पाणी ओढतं? आठवड्यात किती तास? फवारणीचा पंप कुठे धुतोस? मी रागावणार नाही.

पाठीमागचं वाच रे बाबा.

ठकू

२६ ऑक्टोबर

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तीन रविवारचे आकडे एकदम पाठवतो. एक नंबर: चाळीस, त्रेचाळीस, एकोणचाळीस. दोन नंबर: एकतीस, चोवीस, सतरा. मासे ओळखायला शिकलो, ते धरले नाहीत.

दोन नंबराचा आकडा मलाही आवडलेला नाही. मी काठी रोवून तिच्यावर खुणा केल्यात, पाणी दोन वितींनी उतरलंय. ऊन फार आहे.

इंजिनाचं विचारलंस. जुनं आहे, पण पहिल्या झटक्यात सुरू होतं. ते नदीच्या बाजूला आहे. इंजिन म्हटलं की नदीच्या बाजूलाच असणार. किती तास चालवायचं हे टोमॅटोवर अवलंबून. वीस सऱ्या आहेत आणि यंदा फळ असं धरलंय की झाडं वाकलीत. फवारणीचा पंप मी नेहमी स्वच्छ धुतो. तुला माहीत आहे, मला स्वच्छतेची आवड आहे.

मामीने काल चाळणी शोधली. मी म्हटलं, असेल कुठेतरी. ती म्हणाली, "वस्तू असते कुठेतरीच, मी विचारतेय कुठे." तिने तुमच्या खात्यात असायला हवं होतं.

मला रात्रीची झोप नाही. सतरा हा आकडा वाईट आहे का बरा आहे, तेवढं लगेच कळव.

तुझा मामा

१ नोव्हेंबर

प्रिय मामा,

वाईट आहे. ऊन दोन्ही डोहांवर सारखंच पडतं ना? मग एक नंबर जागच्या जागी आणि दोन नंबर निम्म्याहून खाली, असं का?

इंजिनाच्या प्रश्नाला तू उत्तर दिलं नाहीस. मी विचार केला आणि माझ्या लक्षात आलं. पलीकडच्या काठावरचा तुझा शेजारीच दोन नंबरातून पाणी ओढत असणार. इतक्या वर्षांचा शेजार, त्याचं नाव घ्यायला तुला जड जातंय. तू कधी कुणाची चुगली केली नाहीस, ते मला ठाऊक आहे. नको सांगूस. मी ओळखून घेतलं.

आमच्या बाईंनी (ज्यांच्या हाताखाली मी काम करते) तुझ्या नदीपुढे लाल शाईने खूण केलीय. असंच चाललं तर महिन्याभरात तिथे शून्य येईल. तू वाईट वाटून घेऊ नकोस. काही करूही नकोस, फक्त मोजत राहा.

ठकू

१६ नोव्हेंबर

चि. ठकूस,
अनेक अनेक आशीर्वाद!

बातमी चांगली आहे. दोन तारखेला दोन नंबरात बारा, ते सोडून दे. नऊ तारखेला छत्तीस! आज एकोणपन्नास! एक नंबरात मात्र अनुक्रमे सदतीस, चोवीस, पंधरा. पण लाल खूण त्याच्यासाठी नव्हती ना? तेव्हा ठीक.

नदीचं काही सांगता येत नाही बघ. तुझ्या बाईंना सांग, शाईची बाटली बंद करून ठेवा.

शेजाऱ्याबद्दल जे लिहिलंस त्याबद्दल आपण नंतर बोलू. तो चांगला माणूस आहे.

माझा उजवा खांदा फार दुखतोय. कशाने ते कळत नाही. बादल्या वगैरे काही उचललेल्या नाहीत. हवा बदललीय त्यानेच असेल.

तुझा मामा

२१ नोव्हेंबर

प्रिय, प्रिय मामा,

तुझं पत्र घेऊन मी जिना धावत चढले. बाईंनी आकडे दोनदा तपासले. मधे नुसते दगड आहेत, म्हणजे वरची पिल्लं पोहून खाली येणं शक्य नाही. मग एकच अर्थ: शेतातलं खत पाझरून दोन नंबरात शेवाळ वाढलं, मागाहून घातलेली अंडी तिथे फुटली आणि ती पिल्लं शेवाळावर पोसली. बाकी अकरा नद्या एक सांगतात, तुझी नदी उलटं सांगते! बाई म्हणाल्या, अशा एका आकड्यासाठी लोक आयुष्य घालवतात.

बारा डिसेंबरला मला परीक्षक मंडळापुढे बोलायचंय. सगळ्यात आधी तुझीच नदी दाखवणार. तुझं पत्र पडद्यावर भिंतीएवढं करून लावणार, तुझ्या अक्षरासकट. शेती खात्याची माणसंही येणार आहेत. पाणी आटल्यावर डोहात इंजिन लावायला मनाई करावी का, असा त्यांचा विचार चाललाय. तुझे आकडे पाहिल्यावर बहुधा करणार नाहीत.

दोन वर्षं मी नुसती वाईट बातमी लिहितेय. ही पहिली चांगली, आणि ती तुझ्या हातून आली.

तुझी ठकू

२४ नोव्हेंबर

चि. ठकूस,

तुझं पत्र वाचून तीन तांबे पाणी प्यायलो. माझं अक्षर भिंतीवर लावू नकोस. आकडे तर मुळीच नको.

पिल्लं पोहून आली नाहीत आणि मागाहून अंडीही फुटली नाहीत. ती बादलीने आली. तीन शनिवार, दर खेपेला एक नंबरातून दोन बादल्या भरून मी त्या दगडांवरून दोन नंबरात नेऊन ओतल्या. किती नेली ते विचारशील. मोजली नाहीत. मोजायचं काम रविवारचं होतं.

आता इंजिन. दोन नंबरातून पाणी ओढणारं इंजिन माझंच. शेजाऱ्याकडे इंजिन नाहीच, तो बिचारा त्याचा कोबी विहिरीवर करतो. मी मंगळवार, गुरुवार, शनिवार, पाच-पाच तास चालवतो. आणि फवारणीचा पंप मी खरोखर स्वच्छ धुतो, पण दोन नंबरातच. तू शेजाऱ्यावर ढकललंस तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की त्या बरं वाटण्याचीच मला नंतर लाज वाटली. कालच तो बांधावर भेटला, त्याने मला दोन कोबी दिले. ते मी घेतले. हेही लिहून ठेव.

हे सुरू कसं झालं ते सांगतो. ऑक्टोबरच्या शेवटी पाण्याची धार मंद झाली म्हणून मी सरीत बघायला गेलो. पाइपातून पाण्याबरोबर काळे काळे ठिपके पडत होते. आधी वाटलं इंजिनाचं तेल. खाली बसून बघितलं तर शेपट्या हलत होत्या. टोमॅटोच्या मुळाशी पाणी जिरत होतं आणि ती तिथेच वळवळत होती. मी घरून चहाचा चमचा आणला आणि सरीत गुडघ्यावर बसून एकेक उचलायला लागलो. सत्तरी ओलांडलेला माणूस, चमच्याने. वाटीभर जमली, त्यातली निम्मी मेलेली होती. मग तुझं लाल खुणेचं पत्र आलं.

तुझं काम बुडू नये म्हणून हे केलं, असं मी लिहिणार होतो. मामी म्हणाली, "तेवढं तरी खोटं लिहू नका." खरं म्हणजे मी शून्याला घाबरलो. साठ वर्षं झाली तरी लाल शाई म्हटलं की मला अंगणातले वडील दिसतात. इंजिन बंद करायचं सुचलं नाही. बादली सुचली. यावरून मास्तरांनी दिलेले मार्क योग्य होते असं दिसतं.

काल तुझा कागद उलटून मागची बाजू वाचली. पहिलीच ओळ: "एका डोहातलं काहीही दुसऱ्या डोहात नेऊ नकोस." तिच्यापुढे वाचायचा धीर झाला नाही. कागद घडी करून बटणांच्या डब्यात ठेवलाय.

तुझा (म्हणायचं असेल तर) मामा

ठकू, खाली मामी लिहितेय. हे पत्र यांनी तीनदा फाडलं, हे चौथं आहे. मला संशय आला तो बादल्यांवरून. दर शनिवारी अंघोळीच्या दोन्ही बादल्या गायब आणि हे गुडघ्यापर्यंत ओले. विचारलं तर म्हणतात, घाम आला. माझी चाळणी शेवाळाने हिरवी झालीय, तिच्यात आता पीठ काय चाळणार कपाळ! तुला रागवायचं तेवढं रागव, मीही हात धुऊन घेतलेत. पण बोलणं टाकू नकोस. हे जेवत नाहीत, आणि जेवले नाहीत की माझं डोकं खातात.

४ डिसेंबर

चि. ठकूस,

दहा दिवस झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमन आपल्या दारावरून जाताना आता सायकल जोरात मारतो, मी वाटेत उभा असतो म्हणून.

तीस तारखेचे आकडे: एक नंबर तेरा, दोन नंबर अडतीस. बादली उचललेली नाही. मामी साक्षीला होती, तिची सही खाली आहे.

मामा
(पाहिलं. मामी)

६ डिसेंबर

मामा,

तुझं पत्र चार दिवस पिशवीत घेऊन फिरले. मग बाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी पूर्ण वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुमचे सख्खे मामा?"

बारा तारखेचं माझं बोलणं रद्द केलं, आता फेब्रुवारीत. तुझे नऊ आणि सोळा नोव्हेंबरचे आकडे आडवी रेघ मारून काढले. पुढच्या वर्षी या नदीसाठी दुसरा माणूस बघा, असं बाई म्हणाल्या. मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? तू माझ्याशी खोटं बोललास ते नाही. मी जिना धावत चढले ते.

आता कामाचं. नेलेली पिल्लं परत नेता येणार नाहीत. ती आता दोन नंबराचीच. त्यांना अजून तीन आठवडे तरी पाणी हवं. तुझं इंजिन मंगळवार, गुरुवार, शनिवार चाललं तर मला नाही वाटत पाणी दहा दिवसही टिकेल. इंजिन बंद कर असं मी सांगू शकत नाही. आम्ही फक्त पाहायचं असतं, आणि टोमॅटो तुझे आहेत, माझे नाहीत. जे ठरवशील ते कर. फक्त खरं लिही.

पाणी उतरायला लागलं की पिल्लांना ते कळतं. मग ती घाई करतात, वेळेआधी पाय काढतात. त्यातली जी जगतात ती कायमची लहानखुरी राहतात.

ठकू

१४ डिसेंबर

चि. ठकूस,
आशीर्वाद, चालत असतील तर.

मंगळवारी, नऊ तारखेला, सकाळी इंजिन सुरू करायला गेलो. हँडल हातात घेतलं. मग तुझं शेवटचं वाक्य आठवलं. वेळेआधी पाय काढावे लागले आणि लहानखुरा राहिला, असा एक गृहस्थ रोज दाढी करताना मला आरशात दिसतो. हँडल खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं, कारण टोमॅटो समोर लाल दिसत होते. असं पाच वेळा झालं. शौर्यबिर्य काही नाही, हे लिहून ठेव. शेवटी मीच मला ओळखून होतो, म्हणून हँडल घरी आणून मामीच्या हातात दिलं आणि म्हटलं, मागितलं तरी देऊ नकोस. गुरुवारी मागितलं. तिने दिलं नाही. शनिवारी मागितलं, तर म्हणाली, "आधी माझी चाळणी आणा, मग हँडल."

विहिरीत जे पाणी आहे त्यावर वरच्या नऊ सऱ्या चालतील. खालच्या अकरा सोडल्या. पानं वळायला लागलीत. मी तिकडून जायचं टाळतो, सावकाराच्या दारावरून जाणं टाळावं तसं. फवारणीचा पंप आता विहिरीपासून लांब, बांधाशी खड्डा खणून धुतो.

शेजाऱ्याला सगळं सांगितलं. तुझा संशय त्याच्यावर गेला होता तेही सांगितलं. तो पोट धरून हसला आणि आता रोज बांधावरून ओरडतो, "काय हो, यंदा बेडूक लावलेत का? उतारा कसा पडतोय?" मी म्हणतो, "फुलोऱ्यात आहेत."

आकडे. सात तारीख: एक नंबर बारा, दोन नंबर पस्तीस. आज: एक नंबर बारा, दोन नंबर तेहेतीस. बऱ्याच जणांना मागचे पाय आलेत. काठीवर पाणी अकरा बोटं.

मामा
(पाहिलं. हँडल माझ्याकडे आहे. मामी)

१९ डिसेंबर

मामा,

पत्र मिळालं. बाईंना वाचून दाखवलं. नंतर त्यांनी पत्र मागून घेऊन स्वतः वाचलं.

एकवीस आणि अठ्ठावीसला मोज. जे येईल तेच लिही.

ठकू

२८ डिसेंबर

चि. ठकूस,

संपलं.

एकवीस तारखेला दोन नंबरात एकवीस होती, एक नंबरात सहा. आकडा उतरत होता, पण होता. पुढच्या पायांच्या गाठीही दिसत होत्या. आज दोन्हीकडे दहा-दहा चाळण्या घातल्या. शून्य. मला पटेना, म्हणून दोन नंबरात आणखी दहा घातल्या. ह्या तू धरू नकोस. त्यातही शून्य. दोन किडे आणि एक पान.

पाणी चार बोटं उरलंय. डोहाच्या मधोमध एक बगळा उभा होता. मी गेलो तरी हलला नाही. चेहरा तृप्त होता.

काठावर बसलो. खरं लिहायचं म्हणून लिहितो: मनात आलं, पाच लिहावं. पाच कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. मामी आज सोबत नव्हती, तिचे गुडघे धरलेत, म्हणजे साक्षीलाही कुणी नाही. पेन्सिल कागदाला टेकवली होती. मग तू जिना धावत चढतेस ते डोळ्यांपुढे आलं. शून्य लिहिलं. साठ वर्षांपूर्वी मास्तरांनी लिहिलं होतं, यंदा माझं मीच लिहिलं. गोल चांगला आलाय.

अकरा सऱ्या गेल्या त्याचं काही नाही. पण मला वाटलं होतं, एवढं तरी माझ्या हातून धड होईल. इंजिन आठ दिवस आधी थांबवलं असतं तर? बगळ्याला हाकललं असतं तर? मामी म्हणते, आता बास. तुझ्या बाईंना सांग, दुसरा माणूस शोधताना चौथी पास झालेला शोधा.

मामा

३१ डिसेंबर

मामा,

बटणांच्या डब्यातला माझा पहिला कागद काढ. उलट कर. शेवटची ओळ वाच.

मग दोन नंबराच्या काठाने चाल. प्रत्येक पाऊल बघून टाक.

ठकू

४ जानेवारी

चि. ठकूस,
मामा-मामीचे अनेक आशीर्वाद.

कागद काढला. चष्मा पुसला. शेवटची ओळ मामीला मोठ्याने वाचून दाखवली: "चाळणीत शून्य आलं तर घाबरू नकोस. पाय फुटलेलं पिल्लू पाण्यात राहत नाही, तेव्हा काठाच्या ओल्या मातीत, भेगांत आणि पानांखाली बघ."

मामी उठली, दुखऱ्या गुडघ्यांवर चप्पल चढवली आणि म्हणाली, "चला. कागद तीन महिने घरात आहे, बेडूक तरी अजून असतील तर बघू."

आम्ही दोन नंबराच्या काठाला उतरलो. मला काहीच दिसलं नाही. मामी म्हणाली, "अहो, पाय!" मी एका पायावर तसाच उभा राहिलो, त्या बगळ्यासारखा. चपलेखाली येणार होतं ते अंगठ्याच्या नखाएवढं होतं. मातीच्याच रंगाचं. बसलेलं असेपर्यंत ढेकूळ, उडी मारली की बेडूक. मग एकदा नजर बसल्यावर सगळीकडे. भेगांतून डोकं काढून. दगडाच्या सावलीला. आणि ठकू, माझ्या मेलेल्या अकरा सऱ्यांत! वाळून आडवे पडलेले टोमॅटोचे वेल उचलले की खाली जरा गारवा आहे, तिथे तीन-तीन, चार-चार दाटीवाटीने बसलेली. ज्या सरीत मी चमचा घेऊन बसलो होतो तिथेच, पण यावेळी स्वतःच्या पायांनी आलेली.

दहा चाळण्या घालायचो तशी काठाने दहा पावलं धरून त्यातली पिल्लं मोजली. माझ्या हिशेबाने सव्वीस. मामी म्हणते एकतीस. ती उड्या मारतात आणि मी मासे धरणारा माणूस, तेव्हा तिचा आकडा बरोबर असणार. पण दोन्ही लिहितो. तू ठरव. लहानखुरी आहेत हे खरं. उड्या मात्र चांगल्या मारतात.

परत यायला आम्हाला तास लागला. एरवी पाच मिनिटांची वाट. पाऊल टाकायला जागाच नाही, मामी पुढे, मी तिच्या पावलावर पाऊल ठेवून मागे. शेजारी बांधावर उभा राहून बघत होता. म्हणाला, "काय हो, नाचताय की काय?" त्यालाही बोलावलं. तो बराच वेळ उकिडवा बसून बघत राहिला. जाताना चपला हातात घेऊन गेला.

गेल्या रविवारी मी त्या काठावर बसून तुला "संपलं" असं लिहीत होतो, तेव्हा ती माझ्या आजूबाजूलाच असणार. बसलो कशावर असेन, याचा विचार मी करत नाही.

पाठीमागे पाहा.

(पाठीमागे)

तू पाठीमागचं वाचशील याची मला खात्री आहे, म्हणून खरं ते इथे लिहितो.

पुढच्या वर्षी दोन नंबरात टोमॅटोसाठी इंजिन लावणार नाही, असं लिहायला बसलो होतो. पण मी मला ओळखतो, तेव्हा वचन देत नाही. हँडल मामीकडे आहे, ते तिच्याकडेच ठेवतो. तेवढं जमेल. विहिरीवर नऊ सऱ्या होतात, नऊच लावीन.

बाईंनी दुसरा माणूस बघितला असेल तर त्यांचं बरोबर आहे. त्याला एक नंबर, दोन नंबर कुठले ते मी दाखवीन. मासेही दाखवीन.

नसेल बघितला, तर कळव. मामीने नवी चाळणी आणलीय. जुनी मी घासून, वाळवून खिळ्याला टांगून ठेवलीय. साधन मध्येच बदललं की तुलना होत नाही, असं तू दुसऱ्या पत्राच्या पुढच्याच बाजूवर लिहिलं होतंस.

मामा
(पाहिलं. एकतीसच होती. मामी)